नसलेला निवाडा

नांदेड
१२ जानेवारी २०२५

आदरणीय साहेब,
सविनय जयभीम.

तुम्हाला चार वेळा फोन लावला. वाजतो, पण उचलत नाही कुणी. मागच्या आठवड्यात काकूंनी उचलला आणि म्हणाल्या, साहेब शेतात गेलेत, तू पत्र टाक बाई, पत्र आलं की वाचतात. म्हणून हे पत्र. आजवर मी टपालानं फक्त नोटिसा पाठवल्या. 'आदरणीय' लिहिल्याबरोबर पुढं 'आमच्या पक्षकाराच्या सांगण्यावरून' असंच हाताला येत होतं.

तुम्ही नांदेडचं ऑफिस बंद करून शिरूर अनंतपाळला गेलात त्याला दीड वर्ष झालं. तुम्ही दिलेलं टेबल माझ्या खोलीत दारातून आत येईना, पाय काढून आत घेतलं. दारावर 'ॲड. लुंबिनी ग्यानोबा नरवाडे' अशी पाटी आहे. बाबा विष्णुपुरीच्या कालव्यावरून रिटायर झाल्यापासून रोज ऑफिसात येऊन पेपर वाचतात आणि येणाऱ्या प्रत्येक माणसाला गाव विचारतात. माणूस माझ्यापर्यंत पोचेस्तोवर त्याची निम्मी हकिकत बाबांना सांगून झालेली असते.

कोर्टात सगळ्यांच्या हातात सध्या दोन-दोन पुस्तकं आहेत, एक जुन्या कायद्याचं, एक नव्या संहितेचं. परवा एका ज्येष्ठ वकिलांनी भर कोर्टात 'चारशेवीस' म्हटलं, मग थांबून 'आता तीनशे अठरा' म्हटलं, आणि आरोपीनंच घाबरून विचारलं, माझ्यावर दोन गुन्हे लावले का. ई-फायलिंग मला जमतं. त्यामुळे माझ्याहून वीस वर्षांनी मोठे वकीलसुद्धा कागद अपलोड करायला माझ्याकडे येतात.

एक चांगली केस चालू आहे. सटवाजी नावाचा हळद लावणारा शेतकरी, विष्णुपुरीच्या पलीकडचा. त्याच्या शेतात जायचा गाडीरस्ता शेजारच्या भुजंगनं चर खोदून बंद केला. खालच्या कोर्टानं मनाई हुकूम नाकारला, म्हणून जिल्हा न्यायालयात अपील केलं. भुजंगच्या बाजूनं तुमचे जुने दोस्त दयानंद वकील आहेत. आठ तारखेला युक्तिवाद झाला. न्यायाधीश मॅडमनी मान हलवत ऐकलं. निकाल चोवीस तारखेला आहे. मार्चमध्ये हळद निघेल, तोवर रस्ता मोकळा झाला पाहिजे.

आता ज्यासाठी मुद्दाम लिहिते ते. माझ्या एका वकील मैत्रिणीनं लेखी युक्तिवादात चार निवाडे दिले. त्यातला एक एआयला विचारून घेतला होता. नाव, वर्ष, पान, परिच्छेद, सगळं दिलेलं. नंतर कळलं की असा निवाडा कुठंच नाही, यंत्रानं तो रचून दिला. कोर्टाच्या लक्षात आलेलं नाही, समोरच्या वकिलाच्याही नाही. निकाल तिच्या बाजूनं लागेल असं दिसतं. तिनं आता काय करावं? बाकीचे तीन निवाडे खरे आहेत, त्यांच्यावरही केस उभी राहू शकते, असं ती म्हणते.

आईनं तिळाच्या वड्या दिल्यात. टपालात चुरा होईल म्हणून पाठवत नाही.

आपली,
लुंबिनी


शिरूर अनंतपाळ
१७ जानेवारी २०२५

चि. लुंबिनी,
शरणार्थ आणि आशीर्वाद.

पत्र मिळालं. दोनदा वाचलं. तुझं अक्षर अजून तसंच आहे, 'र' आणि 'स' ओळखायला संदर्भ लागतो.

माझं बरं चाललंय. तूर काढून झाली. सकाळी ओट्यावर दोन-चार माणसं येतात, फेरफार, वाटणी, बांधाची भांडणं विचारतात. मी कागद मागतो. कागद नसला की म्हणतो, आधी तो आणा. एवढ्यावरच निम्मी भांडणं मिटतात, कारण कागद आणायला जाणारा परत येत नाही. फोनचं म्हणशील तर इथं रेंजचा भरवसा नाही. पत्रच बरं.

तुझ्या मैत्रिणीबद्दल. तिच्यापासून चार हात लांब राहा. नसलेला निवाडा कोर्टापुढं ठेवणं आणि खोटा साक्षीदार उभा करणं यात मला फरक दिसत नाही. साक्षीदाराची उलटतपासणी तरी होते. वकिलानं दिलेला निवाडा न्यायाधीश भरवशावर घेतो. आणि चूक कळल्यावरही ती विचारते आहे की काय करावं. हे विचारावं लागतं? ज्याला हे विचारावं लागतं त्यानं सनद परत करावी आणि दुसरं काही काम बघावं. 'बाकीचे तीन खरे आहेत' हे तर फारच झालं. दुधात एकच माशी पडली, बाकी दूध चांगलं आहे, असं म्हणण्यासारखं. तुझ्या ऑफिसात ती बसत असेल तर उद्यापासून बसू देऊ नकोस.

सटवाजीच्या केसचं वाचून आनंद झाला. रस्त्याच्या वादात वहिवाट किती वर्षांची आणि मध्ये खंड पडला का, हेच दोन प्रश्न असतात. तू दिलेले निवाडे मला पाठव. इथं वाचायला काही नाही. सात वर्षं माझ्याकडे होतीस, तेव्हा चारही निवाडे नीट निवडलेले असणार.

तुझ्या काकूचा, साखराबाईचा, आशीर्वाद. तिळाच्या वड्यांचा चुरासुद्धा चालला असता.

रामलिंग बिरादार


नांदेड
२३ जानेवारी २०२५

आदरणीय साहेब,
जयभीम.

ती मैत्रीण म्हणजे मी.

तुम्ही ओळखाल असं लिहिताना वाटलं होतं. तुमच्या पत्रात 'चारही निवाडे नीट निवडलेले असणार' हे वाक्य वाचलं आणि पत्र घडी करून पर्समध्ये ठेवलं. बाबा म्हणाले, साहेबांचं पत्र ना, मग वाचून दाखव. मी म्हटलं, कायद्याचं आहे.

घडलं ते असं. सटवाजीच्या केसमध्ये कालव्याच्या कामासाठी दोन वर्षं रस्ता बंद होता. वहिवाटीत खंड पडला, हाच दयानंद वकिलांचा मुद्दा. सरकारी कामामुळे पडलेला खंड धरायचा नाही, असं सांगणारा निवाडा मला हवा होता. पुस्तकांत शोधला, मिळाला नाही. मग एआयला विचारलं. एका मिनिटात आला, औरंगाबाद खंडपीठाचा. कालवा, रस्ता, दोन वर्षं, सगळं आमच्याच केससारखं. इतका चपखल की तेव्हाच शंका यायला हवी होती. आली नाही, कारण मला तो हवा होता. दुसऱ्या दिवशी लेखी युक्तिवाद द्यायचा होता, मी दिला.

मग या महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी, म्हणजे अकरा तारखेला, दुसऱ्या एका केससाठी तोच निवाडा लागला, म्हणून वाचनालयात जाऊन खंड काढला. त्या पानावर एका शिक्षकाच्या बदलीची केस होती. मागची-पुढची दहा पानं चाळली. मग बाकीचे खंड काढले. कुठंच नव्हता.

तुमचं पत्र सोमवारी आलं. मंगळवारी मी पुरसिस लिहून कोर्टात गेले, की अमुक निवाडा अस्तित्वात नाही, मी खातरजमा न करता दिला, तो मागे घेते. आधी ती दयानंद वकिलांना वाचायला दिली. त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे बघितलं आणि ती परत दिली. मॅडमनी वाचली. विचारलं, "हे तुमच्या लक्षात कुणी आणून दिलं?"

मी म्हटलं, "कुणी नाही. मीच पुस्तक उघडलं."

"आधी का उघडलं नाही?"

"मला तो निवाडा हवा होता, मॅडम."

त्यांनी रोजनाम्यात लिहिलं की वकिलांचं वर्तन निष्काळजीपणाचं आणि गंभीर आहे, मात्र त्यांनी स्वतःहून, कुणी न सांगता कळवलं याची नोंद घेतली जाते. अपील फेटाळलं नाही, पण निकाल लांबला. अकरा फेब्रुवारीला दोन्ही बाजूंचा युक्तिवाद पुन्हा होईल.

दुपारपर्यंत वकिलांच्या ग्रुपवर ते सगळं फिरलं. बार रूममध्ये मी गेले की कुणीतरी म्हणतं, या, निवाडा-लेखिका आल्या. मी चहा घेते आणि बसते. तिथून उठून गेले तर परत जायची हिंमत होणार नाही, म्हणून.

सटवाजी काल आले. त्यांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, तुमच्या चुकीपायी आमची हळद अडकली, कागद द्या, दुसरा वकील बघतो. मी फाईल काढून टेबलावर ठेवली. पुढच्या बुधवारी येऊन नेतो म्हणाले.

तुम्ही फोन उचलत नाही तो माझ्यावर रागावून, असं मला दीड वर्ष वाटत आलंय. मी स्वतंत्र पाटी लावायचं बोलले आणि महिन्याभरात तुम्ही ऑफिस बंद केलंत. आता तर रागाला खरंच कारण आहे. उत्तर आलं नाही तरी मी समजून घेईन.

लुंबिनी


शिरूर अनंतपाळ
८ फेब्रुवारी २०२५

चि. लुंबिनी,

उत्तराला पंधरा दिवस लागले. तीन पत्रं लिहून फाडली. पहिल्यात मी तुला शाबासकी दिली होती, दुसऱ्यात उपदेश केला होता, तिसऱ्यात दोन्ही. साखराबाईनं शेवटी विचारलं, पोरीला खरं काय ते लिवायला तुम्हाला एवढे कागद कशाला लागतात. म्हणून खरं लिहितो.

मला ऐकू येत नाही.

रेंजचं कारण खोटं. शेताचंही खोटं. तुझ्या पाटीशी तर काडीचा संबंध नाही. उलट तुझी पाटी लागली याचा मला किती अभिमान वाटला ते मी त्या वेळी बोललो नाही, ही आणखी एक चूक. पाच वर्षांपासून कान जात होते. साक्षीदाराच्या ओठांकडे बघून मी उलटतपासणी करायचो. लोक म्हणायचे, बिरादार साहेब साक्षीदाराच्या तोंडाकडे कसं रोखून बघतात, तो घाबरूनच खरं बोलतो. मी तो लौकिक खपवून घेतला.

लोह्याजवळच्या पंचशीलाबाई तुला आठवतील. अंगणवाडीतून रिटायर झालेल्या, पुतण्याबरोबर घराचा वाद होता. त्या अपिलात दोन मुद्दे होते, एक घराचा आणि एक मागच्या परसाचा. जुलै तेवीसमधली गोष्ट. तू त्या दिवशी दुसऱ्या कोर्टात होतीस. घरावर मी तासभर बोललो. मग न्यायाधीशांनी खाली मान घालून, लिहिता लिहिता काहीतरी विचारलं. ओठ दिसले नाहीत. मला वाटलं, घराचे कागद सगळे दिलेत ना, असं विचारतायत. मी म्हणालो, "होय साहेब."

निकाल आला तेव्हा कळलं. त्यात लिहिलं होतं की परसाच्या जागेचा मुद्दा वादीच्या वकिलांनी सोडून दिला. घर पंचशीलाबाईंना, परस पुतण्याला.

दुसऱ्या दिवशी कोर्टात जाऊन मी म्हणू शकलो असतो, की साहेब, मला तुमचा प्रश्न ऐकू आला नव्हता. तीस दिवसांची मुदतही होती. पण अडतीस वर्षांच्या वकिलीनंतर उभं राहून हे म्हणायचं, समोर सगळा बार बसलेला. मला ते झालं नाही. पंचशीलाबाई घर मिळालं म्हणून पेढे घेऊन आल्या. मी पेढा खाल्ला. महिन्याभरात ऑफिस बंद केलं.

आणि हाच माणूस तुला लिहितो की ज्याला असं विचारावं लागतं त्यानं सनद परत करावी. तुझ्याजवळ तेरा दिवस होते आणि तू दहाव्या दिवशी गेलीस. माझ्याजवळ तीस होते, आता दीड वर्ष उलटलं.

तुझा राग मला कधीच नव्हता. तुझा फोन वाजला की थरथर होते ती हाताला कळते. उचलला तर तू बोलशील आणि मला फक्त घरघर ऐकू येईल, एवढीच भीती होती.

अकराच्या युक्तिवादाला भिऊ नकोस. तीन खऱ्या निवाड्यांवर बोल. खंडाच्या मुद्द्याला निवाडा नसला तर नाही म्हणून सांग आणि कालव्याच्या कामाचा सरकारी कागद दाखव.

रामलिंग बिरादार


नांदेड
१३ फेब्रुवारी २०२५

आदरणीय साहेब,
जयभीम.

तुमचं पत्र सोमवारी, दहा तारखेला, कोर्टातून आल्यावर वाचलं. या वेळी बाबांना वाचून दाखवलं. ते पेपर बाजूला ठेवून म्हणाले, कालव्यावर रात्रपाळीला इंजिनाजवळ बसून माझाही कान असाच गेला होता, तुझ्या आईनं ओळखलं म्हणून बरं. मला हे आजवर माहीत नव्हतं.

आधी अकराचं सांगते. सटवाजी फाईल न्यायला आले ते केवळाबाईंना, म्हणजे बायकोला घेऊन. मी ना हरकत लिहून ठेवलं होतं. केवळाबाई खुर्चीवर बसल्या नाहीत, दारातच उभ्या राहिल्या. नवऱ्याला म्हणाल्या, "जी बाई आपल्या अंगावर घेऊन खरं सांगते ती आपलं वाईट करायची न्हाई. दुसरा वकील चुकला तर तुमाला कळणार बी न्हाई." सटवाजी फाईलकडे बघत राहिले, मग ती माझ्याकडे सरकवली. रागात होते, अजूनही थोडे आहेत. पण फाईल माझ्याकडे आहे.

कोर्टात मी तीनच निवाड्यांवर बोलले. तुम्ही सांगितल्याप्रमाणे पाटबंधारे खात्याचं पत्र दाखवलं. ते माझ्या फाईलमध्येच होतं, मी निवाड्याच्या मागे लागल्यामुळे त्याच्याकडे नीट बघितलंच नव्हतं. मला वाटलं दयानंद वकील माझी चूक धरून बसतील. त्यांनी तिचा उल्लेख केला नाही. उलट शेवटी म्हणाले की दोन्ही घरं बांधाला बांध लागून आहेत, हुकूम कुणाच्याही बाजूनं झाला तरी भांडण राहणार, हे प्रकरण मध्यस्थीला पाठवावं. बाहेर आल्यावर मी आभार मानले तर म्हणाले, तू मला पुरसिस आधी दाखवलीस ना, बस.

मध्यस्थीची तारीख बारा मार्च आहे.

आता तुमचं. साहेब, सात वर्षं तुम्ही मला सांगितलंत की पक्षकाराला वाईट बातमी आपण स्वतः, समोर बसून सांगायची. पंचशीलाबाईंना अजून वाटतंय की कोर्टानं त्यांचं परस नाकारलं. तुम्ही त्यांच्याकडे जावं असं मला वाटतं. पुनर्विलोकनाचा अर्ज करता येईल, उशीर माफ करायचा अर्ज सोबत लावू. कारण लिहायला लागेल, आणि ते कारण तुमच्या शपथपत्रात असेल. अर्ज मंजूर होईलच असं मी म्हणत नाही. मी वकीलपत्र घेते. तुम्ही म्हणाल त्या दिवशी लोह्याला तुमच्यासोबत येते.

जास्त बोलले असेन तर माफ करा. मला मात्र तुमच्या त्या कडक पत्रानं उठवलं. तुम्ही गोड लिहिलं असतं तर मी कदाचित चोवीस तारखेची वाट बघत बसले असते.

लुंबिनी


शिरूर अनंतपाळ
२७ फेब्रुवारी २०२५

चि. लुंबिनी,
शरणार्थ.

काल महाशिवरात्र झाली. परवा मी लोह्याला जाऊन आलो. तुला कळवलं नाही, कारण तू सोबत असतीस तर मी बोलायचं काम तुझ्यावर टाकलं असतं.

त्याआधी लातूरला जाऊन दोन्ही कानांत यंत्रं बसवून घेतली. पहिल्या दिवशी वैताग आला. पापड मोडला तरी पत्रा पडल्यासारखं वाटतं. घरात सांडशी किती वाजते हे मला माहीतच नव्हतं. साखराबाई मला दीड वर्ष किती मोठ्यानं बोलत होती ते कळलं आणि वाईट वाटलं, तिचा घसा कायमचा बसलाय.

पंचशीलाबाई अंगणात ज्वारी निवडत होत्या. चहा केला. मी चहाला हात न लावता सगळं सांगितलं. न्यायाधीशांनी परसाचं विचारलं, मला ऐकू आलं नाही, मी होय म्हटलं, आणि नंतर गप्प बसलो. त्या सूप खाली ठेवून ऐकत होत्या. घराच्या मागं बाभळीच्या काट्यांचं कुंपण दिसत होतं. त्यांचं लिंबाचं झाड पलीकडे गेलंय.

मला वाटलं चिडतील. चिडायला हवंच होतं. त्या म्हणाल्या, "म्हंजे कोर्टानं मला खोटं न्हाई म्हणलं?"

मी म्हणालो, "नाही. कोर्टापुढं ते गेलंच नाही."

त्या म्हणाल्या, "दीड वर्स मी या झाडाखाली गेले न्हाई, साहेब. मला वाटलं जज्जालाच माझं खरं वाटलं न्हाई. लेकरायला शिकवण्यात सगळी उमर गेली, खोटं बोलू नका म्हणून. आन् गावात लोक म्हणून राहिले की बाई कोर्टात खोटी पडली."

मग पदरानं डोळे पुसले आणि थोड्या वेळानं रागावल्याही. म्हणाल्या, तुमी पेढा खाल्ला तवाच सांगायचं होतं. मी म्हणालो, हो. त्या म्हणाल्या, आता चहा घ्या, थंड होऊन राहिला. आणि अर्ज करा. झाड मिळू न्हाई तर न मिळू, निदान विचारा तरी.

सोबत शपथपत्राचा कच्चा मसुदा आणि त्यांच्या सहीचं वकीलपत्र आहे. मसुद्यात मी कुठं स्वतःला सांभाळून घेतलं असेल तर ते वाक्य काढून टाक.

रामलिंग बिरादार


नांदेड
१९ एप्रिल २०२५

आदरणीय साहेब,
जयभीम.

हुकूम सोळा तारखेला झाला. उशीर माफ झाला, अर्ज दाखल करून घेतला, आणि परसाचा मुद्दा नव्यानं ऐकायचा असं न्यायाधीशांनी लिहिलंय. पुढची तारीख जूनमध्ये. तोवर पुतण्यानं त्या जागेत बांधकाम करायचं नाही. पंचशीलाबाईंना मी फोनवर सांगितलं तर म्हणाल्या, हुकुमात ते लिवलंय का, की मुद्दा कुणी ऐकला नव्हता? मी ते वाक्य वाचून दाखवलं. दोनदा वाचायला लावलं. त्याची झेरॉक्स त्यांना हवी आहे, गावात दाखवायला.

तीन तारखेला तुम्ही कोर्टात उभे होतात तेव्हा मागं वळून बघितलं नाहीत, आणि लगेच बस पकडायला गेलात, म्हणून मागचं मी सांगते. पुतण्याचा वकील म्हणाला की जुन्या पक्षकारासाठी हे वकील काहीही लिहून देतील. तेव्हा दारात बारचे दहा-बारा जण जमले होते, जानेवारीत मला हसणारेही त्यात होते. न्यायाधीशांनी तुम्हाला विचारलं, इतके दिवस का थांबलात. तुम्ही म्हणालात, "लाज वाटत होती, साहेब." पुतण्याचा वकील खाली बसला. दयानंद वकील त्या दिवशी बार रूममध्ये आले, खुर्ची ओढली आणि सगळ्यांसमोर म्हणाले, माझा डावा कान दोन वर्षांपासून बंद आहे, रामलिंगनं यंत्र कुठून घेतलं ते कुणी सांगा. त्यांच्या मागोमाग आणखी दोघांनी विचारलं.

सटवाजींचं मिटलं. बारा मार्चला मध्यस्थीच्या खोलीत पहिला तासभर दोघंही भिंतीकडे बघत होते. मग केवळाबाईंनीच तोंड उघडलं. दोन वर्षांपूर्वी सटवाजींच्या ट्रॅक्टरखाली भुजंगची पाइपलाइन फुटली होती आणि हे त्याला बोलले नव्हते. रस्त्याचा चर त्या रागातला होता. हे ना दाव्यात होतं, ना कैफियतीत, ना माझ्या एकाही निवाड्यात. भुजंगनं बांधाच्या कडेनं आठ फूट रस्ता दिला, सटवाजींनी त्याची पाइपलाइन आपल्या शेतातून नेऊ दिली. हळद निघाली, शिजली, वाळतेय. सटवाजी परवा ऑफिसात येऊन अर्धा तास बाबांशी बोलत बसले आणि माझ्याशी दोन वाक्यं. पण त्यांच्या मेहुण्याची केस घेऊन आले होते.

एक काम आहे. माझ्या प्रत्येक युक्तिवादातले निवाडे मूळ पुस्तकात बघून द्यायला मला माणूस हवाय. वाचायला काही नाही असं तुम्ही लिहिलं होतं. पहिला गठ्ठा सोबत पाठवते आहे. नाही म्हणायचं असेल तर गठ्ठा परत पाठवा.

आई विचारते, काकूंचा घसा कसा आहे.

लुंबिनी


शिरूर अनंतपाळ
३० एप्रिल २०२५

चि. लुंबिनी,
शरणार्थ.

आज बसवजयंती. मिरवणुकीच्या आवाजात यंत्रं काढून ठेवली आणि निवांत तुझा गठ्ठा माझ्याकडच्या जुन्या खंडांशी ताडून वाचला. अकरा निवाड्यांपैकी दहा बरोबर. सातव्याचं पान चुकलंय, दुरुस्त केलंय. नववा खरा आहे, पण तुझ्या विरुद्ध जातो. शेवटचा परिच्छेद वाच. पुढचा गठ्ठा पाठव.

एक बातमी आहे. सोमवारी मी इथल्या कोर्टात गेलो, वकील म्हणून. गावातल्या एका बाईचा पोटगीचा अर्ज होता. कोट पेटीत होता, साखराबाईनं उन्हात घालून दिला. माझा नंबर आल्यावर उभा राहिलो आणि पहिलं वाक्य हेच म्हणालो की साहेब, मला कमी ऐकू येतं, कानात यंत्र आहे, कृपा करून जरा मोठ्यानं आणि माझ्याकडे बघून बोलावं. न्यायाधीश तरुण आहेत, तुझ्याच वयाचे असतील. त्यांनी पेन खाली ठेवलं, माझ्याकडे बघितलं आणि खणखणीत आवाजात विचारलं, अर्जदाराचं म्हणणं काय आहे. मग समोरचे वकीलही मोठ्यानं बोलायला लागले. नंतरच्या केसमध्ये मी नव्हतो, तरी सगळे तसेच बोलत राहिले.

बारा वाजता बाहेर पडत होतो तर शेवटच्या बाकावरचा एक म्हातारा माझ्याजवळ आला. त्याचं मला स्पष्ट ऐकू आलं. म्हणाला, "वकीलसाब, चार वर्सं झाले तारखा करून राहिलो. माझ्या केसात काय बोलतात ते आज कळलं."

रामलिंग बिरादार